जलवायुमानाचे प्रादेशिक प्रक्षेप

जागतिक जलवायुमान-प्रतिमानांच्या आधारे एखाद्या देशाच्या अथवा त्याच्या विभागांच्या भावी जलवायुमानाविषयी केलेली सोपाधिक अनुमाने. वातावरण, महासागर, भूपृष्ठ व हिमावरण यांच्या परस्परक्रिया ज्या भौतिकीय नियमांनुसार चालतात, त्या नियमांची समीकरणे संगणकाच्या साहाय्याने सोडविणाऱ्या गणितीय रचनेस जलवायुमान-प्रतिमान म्हणतात. हवामानाचे पूर्वानुमान व जलवायुमानाचा प्रक्षेप या दोन भिन्न गोष्टी आहेत. पूर्वानुमान आजच्या हवेच्या प्रत्यक्ष स्थितीपासून निघते व पुढील काही दिवसांच्या स्थितीविषयी विधान करते. प्रक्षेपाचे विधान ‘जर-तर’ स्वरूपाचे असते. हरितगृह वायूंचे उत्सर्जन अमुक मार्गाने होत गेले, तर २०७१ ते २१०० या तीस वर्षांची सरासरी व तिच्याभोवतीचे चढउतार साधारणतः कसे असतील, एवढेच तो सांगतो. २०८५ सालचा पावसाळा समाधानकारक होईल काय, या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते. वृत्तपत्रीय लेखनात हा भेद बहुधा पाळला जात नाही आणि प्रक्षेपाला भाकिताचे रूप येते.

साऱ्या पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा प्रक्षेप तुलनेने भरवशाचा असतो. त्यावरून एका देशाकडे, देशाकडून एका नदीखोऱ्याकडे आणि तापमानाकडून पावसाकडे वळावे तसतसा भरवसा कमी होत जातो. भारत हे याचे ठळक उदाहरण आहे. देशातील वार्षिक पावसापैकी सु. तीन-चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. १९७१–२०२० या काळाच्या सरासरीनुसार या ऋतूतील देशाचा पाऊस सु. ८७ सेंमी. आहे. वर्षावर्षांमधील त्याचे विचलन सरासरीच्या सु. एक-दशांश असते. दिसायला हे विचलन लहान आहे. परंतु तूट तेवढी झाली की देशाच्या मोठ्या भागात अवर्षणाची स्थिती उद्भवते. ज्या राशीतील दहा टक्क्यांचा फरक सुकाळ आणि दुष्काळ यांत भेद करतो, त्या राशीविषयी प्रतिमानांकडून दहा टक्क्यांच्या आतील अचूकता अपेक्षावी लागते, हे या विषयातील अवघड स्थान होय [→ मॉन्सून वारे].

जागतिक प्रतिमाने : हवेच्या गतीची समीकरणे अंकीय रीतीने सोडवून हवामान वर्तविण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न ब्रिटिश गणितज्ञ ल्यूइस फ्राय रिचर्डसन यांनी केला व तो १९२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. हाताने केलेल्या या गणितातून सहा तासांत वातावरणीय दाब १४५ मिलिबार बदलेल असे अशक्य उत्तर निघाले. तथापि पद्धत मूलतः योग्य होती. इलेक्ट्रॉनीय संगणक उपलब्ध झाल्यावर १९५० साली जूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन व त्यांचे सहकारी यांनी पहिली यशस्वी अंकीय पूर्वानुमाने केली. नॉर्मन फिलिप्स यांनी १९५६ मध्ये साऱ्या वातावरणाच्या अभिसरणाचे एक साधे प्रतिमान काही आठवडे चालवून दाखविले. त्यानंतर स्यूकुरो मानाबे यांनी रिचर्ड वेदरल्ड यांच्यासह १९६७ व १९७५ साली कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्यास होणारी तापमानवाढ मोजली आणि कर्क ब्रायन यांच्यासह १९६९ मध्ये वातावरण व महासागर यांची प्रतिमाने एकमेकांस जोडली. मानाबे यांना २०२१ सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन समितीने १९७९ साली या दुप्पट होण्याचा परिणाम १·५° ते ४·५° से. असेल असा अंदाज दिला होता. आंतरशासकीय जलवायुबदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालात ही मर्यादा २·५° ते ४° से. अशी आकुंचित झालेली दिसते. चार दशकांच्या श्रमानंतरही ती याहून अरुंद झाली नाही, याचे मुख्य कारण ढग होत.

प्रतिमानात पृथ्वीभोवतालचे वातावरण आडव्या-उभ्या रेषांनी चौकटींत विभागतात व प्रत्येक चौकटीवर अनेक थर कल्पितात. दाब, वारा, तापमान, आर्द्रता इ. राशींचे एका चौकटीसाठी एका थरात एकच मूल्य असते. आंतरशासकीय मंडळाच्या २००७ सालच्या अहवालासाठी वापरलेल्या बहुतेक प्रतिमानांतील चौकटीची बाजू २०० ते ३०० किमी. होती, अलीकडील प्रतिमानांत ती सु. १०० किमी.पर्यंत आली आहे. ही बाजू निम्मी करावयाची, तर चौकटींची संख्या चौपट होते व गणिताची कालपायरीही निम्मी करावी लागते. म्हणजे संगणकाचे काम किमान आठपट वाढते. चौकटीहून लहान घटना समीकरणांतून सुटत नाहीत. पावसाळी ढगाचा ऊर्ध्व प्रवाह काही किमी. रुंदीचा असतो, त्याचा एकत्रित परिणाम अनुभवाधिष्ठित सूत्रांनी मांडावा लागतो. या कृतीस प्राचलीकरण म्हणतात. प्रत्येक संशोधनसंस्थेची सूत्रे थोडीफार निराळी असतात आणि प्रतिमानांमधील मतभेदांचा मोठा भाग येथूनच उद्भवतो.

जागतिक प्रतिमान व भारतीय भूमी : महाबळेश्वरास वर्षाला सु. ६०० सेंमी. पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सु. १८ किमी. अंतरावरील पाचगणीस याच्या एक-तृतीयांशही पडत नाही आणि घाट उतरून वाईस यावे, तर तो १०० सेंमी.च्याही खाली येतो. कोकणची किनारपट्टी बहुतेक ठिकाणी ५० ते ८० किमी. रुंद आहे. त्यामुळे २०० किमी. बाजूच्या एका चौकटीत अरबी समुद्राची कड, कोकण, सह्याद्रीचा माथा व देशावरील पर्जन्यछायेचा प्रदेश ही सर्व सामावतात. अशा प्रतिमानात सह्याद्रीचा कडा उरत नाही, काहीशे मीटर उंचीचा एक मंद चढ तेवढा उरतो. समुद्रावरून येणारी बाष्पयुक्त हवा ज्या भिंतीवर आदळून वर चढते, ती भिंतच नाहीशी झाल्यामुळे कोकणात पाऊस कमी पडतो व पठारावर अवाजवी पडतो. हिमालयाच्या उताराची स्थिती अशीच होते.

कालाच्या दृष्टीनेही हीच अडचण आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला. त्याच शहरातील कुलाबा येथे ७३ मिमी. एवढाच झाला. जागतिक प्रतिमानाच्या दृष्टीने ही दोन्ही ठिकाणे एकच होत. त्याच्या चौकटीची सरासरी पाहून मिठी नदीच्या पुराविषयी काही अनुमान करणे शक्य नाही.

याहून गंभीर दोष भूरचनेशी संबंधित नाहीत. अनेक जागतिक प्रतिमानांत विषुववृत्तीय हिंदी महासागरावर पाऊस वाजवीपेक्षा जास्त व मध्य भारताच्या भूमीवर कमी पडतो. बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन वायव्येकडे सरकणारी न्यूनदाब क्षेत्रे मध्य भारताच्या पावसाचा मोठा भाग आणतात. ती काही प्रतिमानांत संख्येने थोडी असतात किंवा भलत्या मार्गाने जातात. गिल्बर्ट वॉकर यांनी भारतीय वेधशाळांचे प्रमुख (१९०४–२४) असताना पॅसिफिक महासागरावरील दाबाचे हेलकावे व भारतातील पाऊस यांचा जो संबंध शोधून काढला, तो प्रतिमानात योग्य प्रमाणात उतरला आहे की नाही, ही त्याच्या पात्रतेची आजही एक कसोटी मानली जाते.

प्रादेशिकीकरण : जागतिक प्रतिमानाच्या ढोबळ फलितांवरून लहान प्रदेशाचे तपशील मिळविण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या, म्हणजे गतिकीय रीतीत भारतीय उपखंडाएवढ्या मर्यादित क्षेत्रासाठी बारीक चौकटींचे स्वतंत्र प्रतिमान चालवितात. क्षेत्राच्या चारही सीमांवर दर काही तासांनी (बहुधा सहा) वारा, तापमान, आर्द्रता व दाब यांची मूल्ये जागतिक प्रतिमानातून पुरवितात आणि आतील हवा त्या सीमामूल्यांनुसार पण खऱ्या डोंगर-किनाऱ्यांच्या सान्निध्यात वाहू देतात. हे तंत्र १९८९ च्या सुमारास रॉबर्ट डिकिन्सन, फिलिप्पो जॉर्जी इत्यादींनी अमेरिकेच्या पश्चिम भागासाठी प्रथम वापरले. जॉर्जी यांच्या प्रतिमानाचा पुढील विकास इटलीतील त्रिएस्त येथील अब्दुस सलाम केंद्रात झाला. ब्रिटनच्या हॅडली केंद्राने ‘प्रेसिस’ हे प्रतिमान साध्या वैयक्तिक संगणकावर चालू शकेल अशा रूपात विकसनशील देशांना उपलब्ध करून दिले. भारतात या विषयाचा प्रसार होण्यास त्याचे मोठे साहाय्य झाले.

दुसरी रीती सांख्यिकीय होय. गतकालातील मोठ्या प्रमाणावरील वातावरणस्थिती व एखाद्या ठिकाणचा नोंदलेला पाऊस यांत संबंध प्रस्थापित करतात आणि तोच संबंध भावी काळातील प्रतिमान-फलितांस लावतात. ही रीती स्वस्त आहे, तथापि आजचे संबंध उद्याही तसेच राहतील हे तिचे गृहीतक आहे आणि जलवायुमान बदलत असताना नेमके तेच संशयास्पद ठरते. प्रतिमानाच्या फलितांतील नियमित चूक निरीक्षणांशी ताडून काढून टाकण्याची ‘अभिनती-सुधारणा’ ही कृती हल्ली सर्रास करतात. तिने आकडे विश्वसनीय दिसू लागतात. परंतु प्रतिमानातील न्यूनदाब क्षेत्रे मुळातच भलत्या वाटेने जात असतील, तर पावसाचे प्रमाण दुरुस्त करून त्यांची वाट दुरुस्त होत नाही.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नकाशा अधिक बारीक झाला म्हणजे ज्ञानही तेवढे अचूक झाले, असे नव्हे. प्रादेशिक प्रतिमान सीमेवरून आत येणारी हवा बदलू शकत नाही. जागतिक प्रतिमानात अरबी समुद्र प्रत्यक्षाहून थंड असेल, तर तेथून येणारे बाष्प कमीच राहील आणि ते कमी बाष्प प्रादेशिक प्रतिमान सह्याद्रीवर मोठ्या कौशल्याने वाटून देईल. पाऊस घाटमाथ्यावर पडेल की पायथ्याशी, या प्रश्नाचे उत्तर सुधारते; पुढील शतकात तो वाढेल की घटेल, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी जागतिक प्रतिमानाचेच राहते. यास्तव एकाच जागतिक प्रतिमानावर आधारलेला पंचवीस किमी.चा जिल्हावार नकाशा हा अनेक जागतिक प्रतिमानांच्या ढोबळ फलितांपेक्षा श्रेष्ठ समजणे चुकीचे ठरते.

भारतातील कार्य : या कार्याचे मुख्य केंद्र पुणे येथील भारतीय उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्था (स्थापना १९६२) हे आहे. तेथील के. रूपा कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेसिस प्रतिमान ५० किमी.च्या चौकटींवर चालवून एकविसाव्या शतकाअखेरचे भारताचे प्रक्षेप २००६ साली प्रसिद्ध केले. पश्चिम किनाऱ्यावरील पावसाचा पट्टा त्यात प्रथमच ओळखू येईल असा उमटला. तापमानवाढ साऱ्या देशभर आढळली. पावसातील बदल मात्र स्थलपरत्वे बरेच भिन्न होते.

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हिमालय, पश्चिम घाट, किनारपट्टी व ईशान्य भारत हे चार प्रदेश आणि शेती, पाणी, नैसर्गिक परिसंस्था व आरोग्य ही चार क्षेत्रे घेऊन २०३० च्या दशकाचा विचार केला होता. १९७० च्या दशकाच्या तुलनेत वार्षिक सरासरी तापमान १·७° ते २° से.ने वाढेल, असे त्यात म्हटले होते. एकाच प्रतिमान-कुलातून व एकाच उत्सर्जन-मार्गावरून काढलेला हा अंदाज आजवरच्या निरीक्षित गतीपेक्षा बराच अधिक दिसतो. महाराष्ट्र राज्याच्या २०१४ च्या अनुकूलन आराखड्यासाठीही ब्रिटिश प्रादेशिक प्रतिमानाचाच आधार घेण्यात आला होता. जागतिक पातळीवर अनेक प्रादेशिक प्रतिमाने अनेक जागतिक प्रतिमानांशी जोडून समान क्षेत्रावर चालविण्याचा समन्वित कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या दक्षिण आशियाई भागाचे काम पुण्याच्या संस्थेकडे आहे. संस्थेने स्वतःचे पृथ्वी-प्रणाली प्रतिमानही तयार केले. जागतिक तुलना-प्रकल्पाच्या सहाव्या टप्प्यात सहभागी झालेले ते दक्षिण आशियातील पहिले प्रतिमान होय.

केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली भारतीय प्रदेशातील जलवायुबदलाचे विस्तृत मूल्यमापन प्रसिद्ध केले. १९०१–२०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सु. ०·७° से.ने वाढल्याचे त्यात दाखविले आहे. जगातील एकूण भूप्रदेशाच्या वाढीपेक्षा ही वाढ पुष्कळ कमी आहे. हवेतील धूलिकण व धूर यांमुळे अडणारे सूर्यकिरण आणि सिंचनामुळे होणारे बाष्पीभवन ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. उत्सर्जनाचा अत्युच्च मार्ग गृहीत धरल्यास शतकाअखेर १९७६–२००५ च्या सरासरीवर सु. ४·४° से. वाढ होईल आणि उन्हाळ्यातील उष्णतेच्या लाटांची वारंवारता तिप्पट ते चौपट होईल, असे त्याचे प्रक्षेप आहेत. हा अत्युच्च मार्ग आज जगाच्या प्रत्यक्ष वाटचालीहून वरचा समजला जातो. ४·४° हा आकडा त्याच्या उपाधीवाचून उद्धृत करणे म्हणूनच गैर होय.

मॉन्सूनविषयक विसंगती : तापलेल्या हवेत तापमानाच्या दर अंशामागे सु. सात टक्के अधिक बाष्प मावते. त्यामुळे वारे काहीसे मंदावले तरी मॉन्सूनचा पाऊस वाढेल, याविषयी बहुसंख्य प्रतिमानांचे बऱ्याच वर्षांपासून मतैक्य आहे. प्रत्यक्षात मात्र १९५१–२०१५ या काळात जून–सप्टेंबरचा पाऊस देशभरात सु. सहा टक्क्यांनी घटला. गंगेचे मैदान व पश्चिम घाट या भागांत ही घट विशेष जाणवली. प्रतिमाने वाढ दाखवीत असताना निरीक्षणे घट दाखवितात, यावरून प्रक्षेपांची सारी इमारतच पोकळ आहे असा निष्कर्ष काही टीकाकारांनी काढला.

या विसंगतीचा उलगडा बराचसा झाला आहे. कोळसा व अन्य इंधनांच्या ज्वलनातून निघणाऱ्या सल्फेटादी वायुकलिलांनी उत्तर गोलार्धातील भूमीवर येणारे ऊन कमी केले. त्याच अवधीत उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराचे पृष्ठ सु. १° से.ने तापले, सर्व महासागरांची सरासरी वाढ ०·७° से. होती. मॉन्सूनचे वारे भूमी व समुद्र यांच्या तापमानांतील तफावतीवर चालतात. भूमी झाकोळली व समुद्र तापला, त्यामुळे ही तफावत कमी झाली आणि बाष्पवाढीने मिळावयाचा लाभ हरपला. आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घटीचे प्रमुख कारण वायुकलिले हेच मानले आहे आणि एकविसाव्या शतकात पाऊस वाढेल हा प्रक्षेप कायम ठेवला आहे. अर्थात पुढील वीस-तीस वर्षांतील पाऊस हरितगृह वायूंइतकाच भारत व चीन यांच्या हवेच्या स्वच्छतेवर अवलंबून राहणार, असा याचा अर्थ होतो. ऋतूतील एकूण पाऊस घटत असतानाच मध्य भारतात एका दिवसात १५० मिमी.हून अधिक पावसाच्या घटना १९५० नंतरच्या ६५ वर्षांत सु. ७५ टक्क्यांनी वाढल्या. सरासरी आणि आत्यंतिक पाऊस हे असे उलट दिशांनी जाऊ शकतात.

अनिश्चितता व उपयोग : प्रक्षेपांतील अनिश्चिततेचे तीन उगम आहेत : वातावरण-महासागराचे स्वाभाविक हेलकावे, प्रतिमानांमधील मतभेद आणि मानवी उत्सर्जनाची अज्ञात दिशा. त्यांचे परस्परप्रमाण कालपरत्वे बदलते. पुढील दहा-वीस वर्षांसाठी व लहान प्रदेशासाठी स्वाभाविक हेलकावेच प्रबळ ठरतात. शतकाअखेरच्या तापमानात उत्सर्जनाचा प्रश्न वरचढ होतो, तर पावसाच्या बाबतीत प्रतिमानांचे मतभेद अखेरपर्यंत मोठे राहतात. सर्व प्रतिमानांची सरासरी घेतल्याने मतभेद मिटत नाहीत. निम्मी प्रतिमाने वीस टक्के वाढ व निम्मी वीस टक्के घट दाखवीत असतील, तर ‘बदल नाही’ ही सरासरी त्यांपैकी एकाचेही मत नसते.

धरणाचा सांडवा किती रुंद ठेवावा, शहरातील गटारे तासाला किती मिमी. पावसासाठी बांधावीत, कोरडवाहू पिकांचे कोणते वाण पुढील काळासाठी पैदा करावेत, असे निर्णय घेणाऱ्यांना एकच आकडा हवा असतो, आणि अनेक आराखड्यांतून तो दिलाही जातो. अशा आकड्यावर बांधलेला सांडवा अपुरा पडल्यास त्याची किंमत धरणाखालील गावे देतात. तो अकारण मोठा ठरल्यास तेवढा निधी अन्य कामांतून वजा होतो. यासाठी प्रतिमानांच्या फलितांची संपूर्ण व्याप्ती घेऊन तिच्या दोन्ही टोकांना बांधकाम कितपत टिकते हे तपासण्याची, आणि शक्य तेथे पुढे वाढविता येईल अशी रचना करण्याची पद्धत अधिक ग्राह्य समजली जाते. तापमानावर अवलंबून असणारे निर्णय, उदा., उष्माघातापासून संरक्षणाच्या योजना, त्यामानाने निःशंकपणे घेता येतात. कारण वाढीच्या दिशेविषयी कोणत्याही प्रतिमानाचे दुमत नाही.

दैनंदिन पूर्वानुमानासाठी भारतात मे २०२५ पासून ६ किमी. चौकटींचे जागतिक प्रतिमान वापरात आले आहे. परंतु एवढ्या बारीक चौकटींवर शंभर वर्षांची गणिते, तीही अनेक वेळा, करणे अद्याप परवडण्याजोगे नाही. शिवाय प्रतिमान बारीक झाले, तरी ते पडताळण्यासाठी तितकीच दाट निरीक्षणे हवीत. भारतीय हवामानखात्याने १९०१ पासूनच्या दैनिक पावसाची २५ किमी.च्या जालकावरील जी नोंदमाला तयार केली आहे, तिच्यासाठी ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरल्या आहेत. हे मापक देशभर सारखे पसरलेले नाहीत. हिमालयाच्या उंच उतारांवर ते अत्यंत विरळ आहेत, आणि तेथे प्रतिमानाचा पाऊस नोंदीपेक्षा अधिक निघाल्यास चूक प्रतिमानाची की मोजणीची, हे बहुतेक वेळा ठरविता येत नाही.